काठ सर्वांचा

लिंडाऊच्या बंदरात सहा मीटर उंचीचा दगडी सिंह पाण्याकडे तोंड करून बसला आहे. त्याच्यासमोर, बंदराच्या दुसऱ्या टोकाला, ३३ मीटर उंच दीपगृह आहे. दोन्ही १८५६ सालचे. त्यांच्या मधल्या वाटेने बोटी आत-बाहेर करत असतात. पलीकडच्या काठावर एका बाजूला ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड. बोडनझे या तळ्याचा हा वरचा भाग तीन देशांत पसरलेला आहे आणि पाण्यातून सरहद्द नेमकी कुठून जाते यावर तिघांचं आजवर एकमत झालेलं नाही. आपल्याकडे दोन राज्यांमध्ये एका धरणावरून किती वर्षं खटले चालतात ते आठवलं आणि मी त्या सिंहाच्या पायाशी जरा वेळ बसून राहिले.

भाचा सायकलींच्या चाकांत हवा भरत होता. म्युनिकला नोकरीला लागल्यापासून तो मला बोलावत होता. या वर्षी फोनवर म्हणाला, "मावशी, गुडघे ठीक आहेत ना? मग गौरी-गणपती आटोपले की ये. मी रजा टाकलीय." बेत असा होता : लिंडाऊहून निघायचं आणि दक्षिण जर्मनीच्या तळातून, आल्प्सच्या पायथ्यापायथ्याने, पूर्वेला बेर्श्टेसगाडेनजवळच्या क्योनिग्झेपर्यंत जायचं. या दोन तळ्यांना जोडणारा ४०० किलोमीटरहून अधिक लांबीचा सायकलमार्ग आखलेला आहे. सगळ्या वाटेवर डोंगर उजव्या हाताला. चढायचे नाहीत, फक्त त्यांच्या पायाशी वरखाली करत राहायचं. आणि दर थोड्या अंतरावर एक तळं.

बोडनझेचा काठ सोडण्याआधी आम्ही पाण्यात उतरलो. सप्टेंबर होता, पाणी गार होतं, पण लिंडाऊचे म्हातारेकोतारे निवांत पोहत होते. एक आजी मान वर ठेवून, केस न भिजवता, लांबपर्यंत गेल्या आणि परत आल्या. भाच्याने सांगितलं, याच तळ्याचं पाणी उपसून श्टुटगार्टसह सुमारे ४० लाख लोकांना पिण्यासाठी पुरवलं जातं. पोहायचं पाणी आणि प्यायचं पाणी एकच! पुण्यात खडकवासल्याच्या काठावर उभं राहून पाण्यात पाय घालायला तरी मन धजत नाही, आणि तेच पाणी आपल्या घरात नळाला येतं. ही गोष्ट तिथून पुढे सगळा प्रवासभर माझ्या डोक्यात फिरत राहिली.

लिंडाऊ मागे पडलं की सफरचंदांच्या बागा सुरू होतात आणि त्यांच्यामधून चढ. हा आल्गॉय प्रांत. हिमयुगात आल्प्समधून उतरलेल्या हिमनद्यांनी इथे दगडमाती ओढून आणली, ढीग घातले, खड्डे खणले आणि मग त्या वितळून गेल्या. ढिगांच्या टेकड्या झाल्या, खड्ड्यांची तळी. म्हणून इथली जमीन कुठेच सपाट नाही आणि कुठेच अवघडही नाही. दम लागेपर्यंत चढ, मग वारा कानाशी वाजेल असा उतार, मग कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं एक चर्च, चार घरं, घरांच्या भिंतींना लागून छपरापर्यंत रचलेलं जळण, खिडक्यांत लाल जिरॅनियम, पुन्हा चढ. गवत इतकं हिरवं की कोकणातला श्रावण आठवावा. पण कोकणात श्रावण सरला की हिरवा ओसरतो. इथे तो सप्टेंबरातही ताजा होता, कारण हे गवत पेरलेलं, खत घातलेलं, वर्षातून कितीतरी वेळा कापलेलं असतं. शेणखताच्या वासाने हवा जड झालेली असते. मला तो वास आवडला. आजोळचा वास होता तो.

सायकलची वाट बहुतेक ठिकाणी शेतांमधून जाणारा डांबरी रस्ता. त्यावर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, दुधाचा टँकर आणि आपण. वाट मोठ्या रस्त्याला मिळते तिथे सायकलीसाठी वेगळी कड राखलेली असते. जिथे नसते, तिथे मोटारी मागे थांबतात. २०२० पासून कायदाच आहे : गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दोन मीटर अंतर ठेवायचं, गावात दीड मीटर. वळणावळणाच्या एका चढावर एक मोठा ट्रक आमच्या मागे बराच वेळ, हॉर्न न वाजवता, आमच्याच वेगाने येत राहिला. मी अस्वस्थ होऊन बाजूला थांबले आणि त्याला पुढे जायची खूण केली. चालकाने हात वर करून आभार मानले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळात मी शाळेत सायकलने जात असे. वाड्यांच्या दारांत सायकली दाटीने उभ्या असत आणि तासावर भाड्याने मिळत. आज माझ्याच गल्लीतून लक्ष्मी रस्त्यापर्यंत सायकल काढायची तर घरचे हात जोडतात. रस्ते तेवढेच आहेत. त्यांच्यावरचा हक्क कुणाकुणाचा, याचा हिशेब बदलला.

वाटेत भेटणारा प्रत्येक जण "ग्रूस गॉट" म्हणतो. शेतात काम करणारी बाई, कुत्र्याला फिरवणारे काका, समोरून येणारी शाळकरी पोरं, सगळे. थांबून गप्पा नाहीत, नाव-गाव-पगार विचारणं नाही. नमस्कार करून पुढे. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाला "माऊली" म्हणतात, तितक्या सहजपणे हे चाललेलं असतं. दुसऱ्या दिवशी मीही सगळ्यांना आधी नमस्कार घालू लागले.

ओबरश्टाउफेनच्या अलीकडे एका गोठ्यासमोर लाकडी टपरी दिसली. आत स्टीलचं यंत्र, शेजारी काचेच्या रिकाम्या बाटल्या, अंड्यांचे खोके, चीजचे तुकडे ठेवलेला लहान फ्रिज आणि पैशांसाठी पत्र्याचा डबा. माणूस कुणी नाही. यंत्रात नाणं टाकायचं, बाटली नळाखाली धरायची, सकाळचं गार दूध भरून घ्यायचं. वर पाटी : कच्चं दूध आहे, तापवूनच प्या. त्या पाटीने मला घरी आल्यासारखं वाटलं. रात्री जिथे उतरलो तिथल्या बाईंकडे मी पातेलं मागितलं आणि दूध तापवलं. सकाळी झाकण काढलं तर वर बोटभर जाडीची पिवळसर साय. भाचा पातेल्याकडे बघत राहिला. "इतकी वर्षं इथे राहतोय, पण साय नाही बघितली," म्हणाला. पावाच्या तुकड्यावर साय आणि साखर, ही आमची त्या दिवशीची न्याहारी. घरमालकीणबाई आधी दारात उभ्या राहून पाहत होत्या, मग त्यांनीही एक तुकडा मागून घेतला. त्यांच्या आईकडे असंच खायचे, असं त्या म्हणाल्या.

इमेनश्टाटच्या भागात आम्हाला गुरांची मिरवणूक मिळाली. उन्हाळाभर गावोगावची वासरं आणि गाई वरच्या डोंगरकुरणांवर चरायला पाठवलेल्या असतात. त्या गुराख्यांच्या हवाली असतात. सप्टेंबरात थंडी उतरायच्या आत सगळा कळप खाली गावात आणतात आणि ज्याची त्याला गुरं वाटून देतात. आधी दूरवरून घंटांचा आवाज आला. ती किणकिण नव्हती, छातीत उतरणारा घणघणाट होता. मग वळणावरून पहिली गाय दिसली. तपकिरी-करडी, मोठ्या कानांची, आणि डोक्यावर माणसाच्या उंचीला लागावा असा मुकुट : सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या, डोंगरावरची रानफुलं, रंगीत फिती, वर क्रूस आणि मधोमध एक लहान आरसा. आरसा कशाला, ते शेजारच्या आजोबांनी सांगितलं. वाईट शक्तींना आपलंच तोंड त्यात दिसतं आणि त्या पळून जातात. म्हणजे दृष्ट! माझ्या तोंडून निघालंच, "अरे, हा तर पोळा!" श्रावणातली पिठोरी अमावास्या होऊन फार दिवस झाले नव्हते. तिकडे शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, आणि इकडे हा मुकुट. फरक एकच आणि तो मला फार मोलाचा वाटला. उन्हाळ्यात कळपातलं एकही जनावर दगावलं नसेल तरच पुढच्या गाईला मुकुट चढतो. कडा कोसळून, वीज पडून एखादं वासरू गेलं असेल तर कळप मुकुटाशिवाय, गुपचूप गावात येतो. आमच्यापुढून गेलेल्या कळपांतल्या एकाला मुकुट नव्हता. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

जेवणाबद्दल लिहायलाच हवं. आल्गॉयमध्ये केसश्पेट्सले हा पदार्थ संध्याकाळी भुकेने खाल्ला नाही तर तो कळत नाही. अंडं-मैद्याचे मऊ गोळे उकळत्या पाण्यात सोडून काढायचे, गरम असतानाच डोंगरी चीजचे थर द्यायचे, वर तळून कुरकुरीत केलेला कांदा. लोखंडी तव्यातच समोर येतं. सोबत काकडीची कोशिंबीर, पण दह्यातली नव्हे, शिरक्यातली. मी मांसाहार फारसा करत नाही. इथे त्याची अडचण जाणवली नाही, कारण दूध-दुभत्याचा हा मुलूख आहे. भाच्याने मात्र रोज काहीतरी भाजलेलं मागवलं.

फ्युसेनला फोर्गनझे दिसलं आणि पलीकडच्या कड्यावर नॉयश्वानश्टाइनचा पांढरा किल्ला. राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला, १८८६ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हाही अपुराच. खाली बसगाड्यांची रांग होती. आम्ही आत गेलो नाही. किल्ला लांबून, तळ्याच्या पाण्यापलीकडे जसा दिसतो तसाच पाहावा असं मला अजूनही वाटतं.

तळ्याचं म्हणाल तर ते हिमनदीचं नाही. लेख नदीवर धरण बांधून १९५४ मध्ये केलेलं आहे, वीज आणि पूरनियंत्रणासाठी. फोर्गेन नावाची वस्ती त्यात बुडाली, तिचंच नाव तळ्याला राहिलं. दर हिवाळ्यात हे पाणी जवळजवळ सगळं सोडून देतात आणि तेव्हा तळाशी घरांचे जुने पाये उघडे पडतात. त्याहून जुना, रोमन लोकांनी आल्प्स ओलांडून आणलेला रस्ता, व्हिया क्लाउदिया आउगुस्ता, त्याचाही एक तुकडा दिसतो. काठावरच्या पाटीवर हे वाचताना मला उजनी आठवली. भीमेचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, आणि ज्यांची गावं गेली ती माणसं तिथे जाऊन येतात. मुळशीच्या धरणाला विरोध करून सेनापती बापट १९२१ मध्ये उभे राहिले होते. ती गावंही पाण्याखाली आहेत. तळ्याच्या काठाने सायकल हाकणाऱ्याने हे विसरू नये. फोर्गनझेच्या काठाला मात्र निदान एक गोष्ट झाली आहे. भोवतालची वाट सगळ्यांची आहे. बुडालेल्या वस्तीतल्या माणसाची नातवंडं काठावर कुठेही बसून भाकरी सोडू शकतात. मुळशी आणि पवनेला काठापर्यंत जायचं तर आज किती ठिकाणी तारेचं कुंपण आणि राखणदार आडवा येतो!

पुढे कुरणाच्या मधोमध वीसचं चर्च लागलं. १७४५ ते १७५४ या काळात डोमिनिकुस त्सिमरमान याने बांधलेलं. बाहेरून साधं, आत पांढरा आणि सोनेरी उजेड. तिथून बाड कोलग्रुबची टेकडी ओलांडून आम्ही जरा वाट वाकडी करून मुर्नाऊला गेलो. तिथे गाब्रिएल म्युंटर हिचं घर आहे. १९०९ मध्ये तिने ते घेतलं आणि वासिली कांडिन्स्कीबरोबर तिथे उन्हाळे काढले. घराच्या जिन्याचा कठडा कांडिन्स्कीने स्वतः रंगवलेला, त्यावर घोडेस्वार वर वर चाललेत. या दोघांना मुर्नाऊच्या गावकऱ्यांची एक जुनी कला भेटली : काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली संतांची चित्रं. ठळक काळी रेघ, सपाट झगझगीत रंग. आपल्या जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांतून अशीच काचचित्रं असत, कृष्णाची, दरबारातल्या स्त्रियांची. चित्रकाराला आधी डोळ्यातली बाहुली काढावी लागते आणि शेवटी पार्श्वभूमी, कारण काच उलटी पाहायची असते. म्युंटर हे शिकली ती गावातल्या कारागिराकडून. नाझींच्या काळात ही सगळी चित्रकला हीन ठरवली गेली, तेव्हा तिने कांडिन्स्कीची आणि बाकीच्यांची चित्रं याच घराच्या तळघरात लपवून ठेवली, आणि १९५७ मध्ये म्युनिकच्या संग्रहालयाला देऊन टाकली. मी तळघराच्या दाराशी थोडी थांबले. त्या काळात झडती आली असती तर, या विचाराने हात गार पडले.

खिडकीतून पलीकडे मुर्नाऊची दलदल दिसते, तिच्यामागे निळे डोंगर. चित्रांत डोंगर इतके निळे कसे, असं मला आधी वाटायचं. दक्षिणेकडचा कोरडा उबदार वारा सुटला की हवा धुऊन निघते, डोंगर हात लावावा इतके जवळ येतात आणि खरोखर निळे दिसतात. या वाऱ्याला ते फ्योन म्हणतात, आणि त्याच्यामुळे डोकं दुखतं अशी इथे प्रत्येकाची तक्रार. त्या दिवशी फ्योन होता. माझं डोकं दुखलं नाही.

कोखेलझेच्या काठी वाल्खनझेचं वीजघर आहे. वरचं वाल्खनझे हे तळं आणि खालचं कोखेलझे यांच्या पातळीत २०० मीटरचं अंतर, आणि त्या उंचीवरून सहा जाड नळ डोंगरउतारावरून थेट खाली येतात. १९२४ मध्ये ओस्कार फॉन मिलर यांच्या पुढाकाराने हे झालं. खोपोलीला, बोरघाटाच्या पायथ्याशी, असेच नळ १९१५ पासून लोणावळ्याचं पाणी उतरवत आहेत. आगगाडीतून जाताना मुलं खिडकीतून ते शोधतात. इथे नळांच्या शेजारून चालत वर जाता येतं, आणि वीजघरात जाऊन यंत्रं पाहता येतात. शाळेची एक सहल आत आली होती. मास्तरांनी मुलांना नळावर कान लावायला सांगितलं. सगळी मुलं ओळीने नळाला कान लावून उभी, तोंडं उघडी.

बाड ट्योल्त्स ओलांडून टेगर्नझेला आलो. हे श्रीमंतांचं तळं. काठावर मोठमोठे बंगले, त्यांच्या हिरवळी पाण्यापर्यंत. मला वाटलं, आता इथे कुंपणं सुरू. काही ठिकाणी होतीही. पण वाट त्यांना वळसा घालून पुन्हा पाण्याशी येत राहिली, गवताळ पोहण्याच्या जागा येत राहिल्या, तिथे बाकं, झाडाची सावली, कपडे बदलायची लाकडी खोली. भाचा म्हणाला, "अगं मावशी, हे घटनेत लिहिलंय." बव्हेरियाची १९४६ ची राज्यघटना, कलम १४१. रानावनात हिंडण्याचा, पाण्यावर जाण्याचा, आणि रानातली फळं-अळंबी घरच्यापुरती वेचण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि डोंगर, तळी, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा जनतेला मोकळ्या ठेवणं, गरज पडली तर त्यासाठी खाजगी मालकीवर मर्यादा घालणं, हे राज्याचं आणि गावांचं कर्तव्य आहे. युद्धात शहरं जमीनदोस्त झालेली, लोक उपाशी, आणि अशा वेळी घटना लिहिणाऱ्यांना रानातली बोरं वेचण्याचा हक्क लिहून ठेवावासा वाटला! मी हे दोनदा समजावून घेतलं. हक्क कागदावर आहे म्हणून सगळे वाद मिटलेत असं नाही. म्युनिकजवळच्या श्टार्नबेर्गच्या तळ्याचा कितीतरी काठ बंगल्यांनी अडवलेला आहे आणि त्यावर भांडणं चालू असतात. पण भांडायला हातात कलम आहे.

संध्याकाळी चेस्टनटच्या झाडांखाली बियर गार्डनमध्ये बसलो. लांब बाकं, लांब टेबलं. रिकामी जागा दिसली की आधीच्या मंडळींना विचारायचं आणि शेजारी बसायचं. पेय त्यांच्याकडूनच घ्यायचं, खाणं मात्र घरून आणलेलं चालतं. याला जुना इतिहास आहे. १८१२ मध्ये राजा माक्स योझेफ याने म्युनिकच्या दारूभट्टीवाल्यांना आपल्या तळघरांपाशी बियर विकायला परवानगी दिली, पण खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून पावाखेरीज अन्न विकायला मनाई केली. तेव्हापासून लोक टोपलीत चीज, मुळा, पाव घेऊन येतात. आमच्या शेजारच्या कुटुंबाने चौकड्यांचा टेबलक्लॉथही आणला होता. मी पिशवीतून दाण्याची चटणी काढली. त्यांनी ती त्यांच्या लोणी लावलेल्या पावावर घालून खाल्ली, आणि आम्हाला पातळ सुरळीसारखा कापलेला, मीठ लावून पाणी सुटलेला पांढरा मुळा दिला. अनोळखी माणसाच्या शेजारी बसून स्वतःचा डबा उघडायची सवय आपल्याला आगगाडीत असते. इथे ती गावातच आहे.

कीमझे हे बव्हेरियातलं सर्वांत मोठं तळं, जवळजवळ ८० चौरस किलोमीटर. त्याच्या हेरनइन्झेल बेटावर लुडविग राजाचा व्हर्सायच्या धर्तीवरचा राजवाडा आहे. पण मला त्या बेटाची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या जुन्या मठात जाणकारांची परिषद भरली आणि तिने आजच्या जर्मन राज्यघटनेचा पहिला मसुदा तयार केला. शेजारचं फ्राउएनइन्झेल बेट लहानसं. आठव्या शतकापासून जोगिणींचा मठ, काही कोळ्यांची घरं, मोटार एकही नाही. कोळ्याच्या दारात लाकडाच्या धुरावर रेंके मासे लटकवलेले होते. पावात घालून दिला, वर कांदा. मासा चांदीसारखा, आत गुलाबीसर, धुराचा वास नेमका लागेल तेवढा.

बेटावरून परत येऊन काठाकाठाने निघालो. एका बाकावर निळ्या टोपीतले आजोबा बसले होते. कुठून आलात, विचारलं. भारतातून, सायकलने क्योनिग्झेला चाललोय, हे ऐकून त्यांनी जागा करून दिली. मी पाण्याचं कौतुक केलं. तळ दिसत होता, गोटे मोजता आले असते. आजोबा उठले, वाटेवर आले आणि काठीने एका लोखंडी झाकणावर टकटक केलं. "आमचं तळं याच्याखाली आहे," म्हणाले. त्यांच्या तरुणपणी या पाण्याला वास यायचा. गावांचं, हॉटेलांचं सगळं सांडपाणी तळ्यात जायचं, हिरवं शेवाळ माजायचं. मग तळ्याभोवतीच्या गावांनी एकत्र येऊन तळ्याला वळसा घालणारा मैलापाण्याचा नळ टाकला, १९८९ मध्ये तो पुरा झाला. आता एकाही घराचं पाणी तळ्यात पडत नाही. टेगर्नझेला हे त्याच्याही आधी, पन्नास-साठच्या दशकांत झालं होतं. कर वाढला, लोक चिडले, रस्ते वर्षानुवर्षं खणलेले. आजोबांनी ते सगळं भोगलं होतं आणि तक्रारीच्या सुरात नाही, आठवण म्हणून सांगत होते.

मी त्या झाकणाकडे पाहत राहिले. साधं, गोल, कडेला गवत उगवलेलं. चित्रातल्यासारखा तो निळा पसारा, पांढरी शिडं, डोंगराची प्रतिबिंबं, आणि या सगळ्याचं कारण पायाखाली वाहत होतं. आपल्याकडे तळं सुधारायचं म्हणजे आधी कारंजं, रंगीत दिवे, काठाला फरशी. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर किती माया आहे लोकांची, किती संध्याकाळी तिथे गेल्या आहेत, आणि तरी जलपर्णी आणि मैलापाण्याच्या बातम्या सरत नाहीत. पुण्याचं पाषाणचं तळं तसंच. प्रेम कमी नाही. नळ घातलेला नाही, एवढंच. आणि असं नाही की आपल्याला नळ घालता येत नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळाने पाणी आणलं, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास ठेवले. माझ्या लहानपणी त्या हौदांचं पाणी लोक वापरत होते.

हा विचार बाड राइशेनहालला पुन्हा वर आला. हे मिठाचं गाव. जमिनीतून खारं पाणी येतं, ते आटवून मीठ करायचं. आटवायला लाकूड हवं, आणि शतकानुशतकं जाळून भोवतालची रानं पुरेनाशी झाली. मग त्यांनी खारं पाणीच लाकडाकडे न्यायचं ठरवलं. झाडांची खोडं आतून कोरून, एकाला एक जोडून, राइशेनहालपासून ट्राउनश्टाइनपर्यंत ३० किलोमीटरहून लांब नळ घातला, तो १६१९ मध्ये पुरा झाला. मधल्या टेकड्या चढवायला ठिकठिकाणी पाण्याच्या चाकांवर चालणारे पंप. साधारण त्याच काळात मलिक अंबर आपल्या खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी खणून घेत होता. गावातल्या संग्रहालयात त्या खोडांचा एक तुकडा आहे. मी त्याच्या भोकात हात घातला, कोपरापर्यंत गेला. आतून गुळगुळीत होता.

बेर्श्टेसगाडेनला डोंगर पायथ्याचे राहत नाहीत, अंगावर येतात. २७१३ मीटरचा वाट्समान समोर उभा राहतो आणि त्याच्या पायाशी, दोन्हीकडून कडे सरळ पाण्यात उतरलेलं, क्योनिग्झे. इथे काठाने वाट नाहीच. सायकली धक्क्यापाशी लावल्या आणि बोटीत बसलो. १९०९ पासून या तळ्यावर विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. डिझेलचा थेंब पाण्यात नाही, आवाज नाही. मध्येच एका उंच कड्यासमोर बोट थांबली. बोटीवरच्या माणसाने खिडकी उघडली, पितळी वाद्य ओठांना लावलं आणि चार सूर वाजवले. थोडं थांबून कड्याने ते परत दिले, तसेच, जरा दुरून. बोटीतली मुलं हसू लागली. तो पुन्हा वाजवू लागला. ऑक्टोबरच्या सुमारास याच तळ्यावरून गुरं परत आणतात, तीही बोटीतून, कारण दुसरी वाटच नाही. गाई, वासरं सपाट तराफ्यावर उभी राहून हे पाणी ओलांडतात आणि या काठाला पाय लागला की त्यांना मुकुट चढवतात.

परतीच्या बोटीत भाच्याने विचारलं, "मावशी, तिकडे असं तळ्याला वळसा घालून जाता येईल असं काय आहे?"

"भंडारदरा," मी म्हणाले. "शेंडीतून निघायचं. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी, मुतखेल, पुन्हा शेंडी. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ. काठाला गावं आहेत, कुंपणं कमी आहेत."

"चढ?"

"घाटघरला जाताना आहे. डिसेंबरात ये. भात झोडून झालेला असतो, नाचणीची गरम भाकरी मिळते. मी तुझ्यासाठी सायकल बघून ठेवते."

"रतनवाडीकडून आधी गेलं तर चढ सोपा पडेल का?"

मला वाटतं पडणार नाही. तो म्हणतो पडेल. धक्का येईपर्यंत आमचं त्यावर बोलणं चालू होतं.